अडचणीतल्या रिटेल साखळीचा शेअर: तेजीवाल्यांचे आणि मंदीवाल्यांचे मुद्दे कागदावर कसे तपासायचे

रिटेल साखळीचा शेअर ऐंशी टक्के पडला की वादाला तोंड फुटतं. एक बाजू म्हणते, एवढी दुकानं, एवढं नाव, शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नाही आणि शेअर मातीमोल भावात मिळतोय. दुसरी म्हणते, कर्ज बघा. बहुतेक वेळा पहिला दुकानाबद्दल बोलत असतो आणि दुसरा शेअरबद्दल, म्हणून वाद मिटत नाही.

दुकान आणि शेअर यांचं नशीब किती वेगळं असू शकतं, हे विशाल रिटेलमध्ये दिसलं. कंपनीने २००७ मध्ये २७० रुपयांना पब्लिक इश्यू आणला. दोनेक वर्षांत कर्ज फेडणं जड झालं आणि २०११ मध्ये दुकानांचा धंदा टीपीजी ही परदेशी गुंतवणूक कंपनी आणि श्रीराम समूह यांच्याकडे गेला. 'विशाल मेगा मार्ट' हे नावही धंद्याबरोबर गेलं. पुढे ती साखळी फोफावली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ७८ रुपये भावाने बाजारात आली. जुन्या शेअरधारकाचा तिच्यात कवडीचाही वाटा नव्हता. त्याच्याकडे उरली ती मूळ कंपनी. तिने व्ही२ रिटेल असं नाव घेऊन पुन्हा दुकानं उघडायला सुरुवात केली. तिचा शेअर २०२४ मध्ये हजाराच्या वर गेला खरा, पण २००७ पासून तोवर तो धरून बसलेले किती असतील?

म्हणून कोणताही मुद्दा समोर आला की आधी त्याच्यापुढे खूण करावी: हा दुकानाचा आहे की शेअरचा? 'ब्रँड लोकांच्या मनात आहे' हा दुकानाचा मुद्दा. 'पुढच्या बारा महिन्यांत किती कर्ज फेडायचंय' हा शेअरचा. पैसे लावायचे असतील तर दुसऱ्या प्रकारच्या मुद्द्यांवर जास्त वेळ घालवावा.

कोणते कागद काढायचे

बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावरून एवढं उतरवून घ्या: मागचे आठ तिमाही निकाल, दोन वर्षांचे वार्षिक अहवाल, मागच्या चार तिमाहींचे भागधारणेचे तक्ते आणि वर्षभरातल्या सगळ्या घोषणा. क्रिसिल, इक्रा, केअर किंवा इंडिया रेटिंग्ज यांपैकी ज्यांनी रेटिंग (कर्ज फेडण्याच्या क्षमतेची श्रेणी) दिलंय त्यांचा खुलासा वेगळा शोधावा लागतो. तो तीन-चार पानांचा असतो, फुकट मिळतो आणि कंपनीच्या चकचकीत सादरीकरणापेक्षा जास्त खरं बोलतो.

वेळापत्रक लक्षात ठेवा. तिमाही निकाल ४५ दिवसांत येतात, वर्षअखेरचे ६० दिवसांत. ताळेबंद आणि रोख प्रवाहाचा तक्ता मात्र सहा महिन्यांनीच, म्हणजे सप्टेंबर आणि मार्चच्या निकालांबरोबर द्यावा लागतो. जून आणि डिसेंबरच्या निकालात नफा-तोटा दिसतो. माल किती साचला आणि पुरवठादारांचे किती थकले हे दिसत नाही. दिवाळी-लग्नसराईच्या डिसेंबर तिमाहीत कपड्यांच्या साखळीचे आकडे नेहमीच गोड दिसतात आणि नेमका त्याच वेळी ताळेबंद समोर नसतो. फेब्रुवारीत 'टर्नअराउंड झाला' अशी हाकाटी झाली तर मे महिन्यापर्यंत थांबायला काही हरकत नसते.

ईबिटडाचा घोळ

वादातला निम्मा गोंधळ एका हिशेबी नियमामुळे होतो. १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हे भाडेपट्ट्यांच्या हिशेबाचं भारतीय लेखामानक लागू झालं. तेव्हापासून दुकानांचं ठरलेलं भाडं खर्चाच्या बाजूला 'भाडं' म्हणून दिसत नाही. ते घसारा आणि व्याज या दोन ओळींत विभागून जातं. ईबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, या दोन्हींच्या आधी मोजतात. म्हणजे भाड्याच्या जागेत चालणाऱ्या साखळीचा ईबिटडा भाडं न मोजताच निघतो.

आकडे मांडून बघू. समजा एका साखळीची वर्षाची विक्री १,२०० कोटी आहे आणि ढोबळ नफा (विक्री वजा विकलेल्या मालाची किंमत) २६ टक्के, म्हणजे ३१२ कोटी. पगार ११० कोटी, वीज-जाहिरात-वाहतूक वगैरे १२० कोटी. छापील ईबिटडा ८२ कोटी. आता रोख प्रवाहाच्या तक्त्यात शेवटच्या भागात, वित्तपुरवठ्याच्या व्यवहारांत, भाडेपट्ट्याच्या देण्याची परतफेड आणि त्यावरचं व्याज अशा ओळी असतात. त्यांची बेरीज समजा ७४ कोटी. हे खरं भाडं. वजा केलं की उरतात ८ कोटी. बँकेचं व्याज ३० कोटी असेल तर वर्षाला २२ कोटींचा खड्डा, तोही नवीन दुकानावर एक रुपया खर्च न करता.

याच कंपनीचं बाजारमूल्य २०० कोटी (२० रुपयांचे १० कोटी शेअर) आणि निव्वळ बँक कर्ज २८० कोटी धरा. एकूण ४८० कोटी. तेजीवाला ४८० ला ८२ ने भागतो आणि सहापटीहून स्वस्त म्हणतो. मंदीवाला ८ ने भागतो आणि साठपट महाग म्हणतो. भागाकार दोघांचेही बरोबर आहेत. पण तेजीवाल्याने भाडं खर्चातून काढलं आणि कर्जातही धरलं नाही. ८२ वापरायचा असेल तर ताळेबंदातलं भाडेपट्ट्याचं देणं, समजा ३५० कोटी, कर्जात मिळवायला हवं. मग ८३० ला ८२, म्हणजे दहापट. एक तर दोन्हीकडे भाडं धरा, नाहीतर दोन्हीकडून काढा. अडचणीतल्या साखळीसाठी आम्ही भाडं खर्चात धरणारी पद्धत वापरा असं म्हणू, कारण जागामालकाला दर महिन्याला पैसे लागतात. बऱ्याच कंपन्या सादरीकरणात 'इंड एएस ११६ पूर्वीचा ईबिटडा' स्वतःहून देतात. जी आधी देत होती आणि अचानक द्यायची थांबली, तिथे का थांबली हे शोधा.

विक्री किती वाढली म्हणजे पुरेसं

'जुन्या दुकानांची विक्री पाच टक्क्यांनी वाढली' हे ऐकून शेअर उसळतो. वरच्याच साखळीत तपासा. पाच टक्के म्हणजे ६० कोटींची जादा विक्री, त्यावर २६ टक्क्यांनी १५.६ कोटी ढोबळ नफा. पगार आणि बाकी खर्च मिळून २३० कोटी; ते महागाईने पाच टक्के वाढले तर ११.५ कोटी गेले. भाडेकरारात दर तीन वर्षांनी पंधरा टक्के वाढ असा रिवाज आहे, वर्षाला साधारण पाच टक्के, म्हणजे ३.७ कोटी. हाती उरले ४० लाख. पाच टक्के वाढीत ही साखळी जागच्या जागी धावते. दहा टक्के वाढली तर १६ कोटी उरतात, भाड्यानंतरचा ईबिटडा २४ कोटी होतो आणि तरीही ३० कोटींचं व्याज भागत नाही.

हा हिशेब प्रत्येक कंपनीसाठी वेगळा निघतो, पण करायला पंधरा मिनिटं लागतात. त्यातून 'किती वाढ झाली म्हणजे व्याज भागेल' हा एक आकडा मिळतो. तो पंधरा टक्क्यांच्या वर निघाला तर वाढीने साखळी सुटणार नाही. दुकानं बंद करून, भाडं कमी करून घेऊन किंवा कर्ज कमी करूनच सुटेल. मग व्यवस्थापन यातलं काय करतंय ते बघायचं.

'जुनी दुकानं' कोणती याची व्याख्या तळटीपेत असते, ती वाचाच. कुणी बारा महिने झालेलं दुकान धरतं, कुणी अठरा. तोट्यातली दुकानं बंद केली की ती मोजणीतून गळतात आणि उरलेल्यांची सरासरी आपोआप वर जाते. बंद दुकानाचे काही ग्राहक शेजारच्या शाखेत येतात, त्याचाही फुगा त्यात असतो. म्हणून चौरस फुटामागची विक्री आणि एकूण विक्री दोन्ही शेजारी ठेवा. वाढ बिलांच्या संख्येतून आली की नुसत्या भाववाढीतून, हेही बघा. बिलांची संख्या घटत असेल तर भाववाढीचा टेकू फार काळ पुरत नाही.

साचलेला माल आणि थकलेले पुरवठादार

रिटेल साखळी आधी इथे आजारी पडते, नफा-तोट्यात ते नंतर दिसतं. दोन भागाकार करायचे. विकलेल्या मालाची किंमत काढा: खरेदी आणि साठ्यातला बदल या निकालातल्या दोन ओळी एकत्र केल्या की ती मिळते. वर्षअखेरचा साठा भागिले ही किंमत, गुणिले ३६५: हे साठ्याचे दिवस. पुरवठादारांचं देणं घेऊन तोच हिशेब केला की देण्याचे दिवस.

आपल्या साखळीत विकलेल्या मालाची किंमत ८८८ कोटी. साठा ३४० कोटी, म्हणजे १४० दिवस. आदल्या वर्षी ९०० कोटींवर २७५ कोटी साठा होता, म्हणजे ११२ दिवस. पुरवठादारांचं देणं १९० कोटी (७८ दिवस), आदल्या वर्षी १४८ कोटी (६० दिवस). विक्री घटली, माल ६५ कोटींनी वाढला आणि त्यातले ४२ कोटी पुरवठादारांना उशिरा पैसे देऊन उभे केले. आता रोख प्रवाहाच्या तक्त्यात 'धंद्यातून आलेली रोकड' ८२ वजा ६५ अधिक ४२, म्हणजे ५९ कोटी दिसेल आणि कुणीतरी ती ठळक अक्षरांत मांडेल. तिच्यातून ७४ कोटी भाडं आणि ३० कोटी व्याज काढा: उणे ४५ कोटी. पुरवठादारांनी हात आखडला असता तर उणे ८७.

किती दिवस वाईट, हे धंद्यावर ठरतं. किराण्यात तीसेक दिवस चांगले; डीमार्ट साधारण तिथेच असतं आणि पुरवठादारांना आठवड्याच्या आसपास पैसे देऊन स्वस्तात माल घेतं. कपड्यांमध्ये शंभर-सव्वाशे दिवस नेहमीचे, पादत्राणांत त्याहून जास्त. दुसऱ्या साखळीशी तुलना करण्यापेक्षा त्याच साखळीच्या चार वर्षांशी करा. कपड्यांचा माल एका हंगामात गेला नाही की पुढच्या वर्षी निम्म्या किमतीला जातो. ३४० पैकी ८० कोटींचा माल जुना असेल आणि खरेदीपेक्षा तीस टक्के कमी भावाने काढावा लागला, तर २४ कोटी बुडाले. 'एंड ऑफ सीझन सेल' दरवर्षीपेक्षा तीन आठवडे आधी लागला तर हे चालू झालंय असं समजा.

१ एप्रिल २०२१ पासून वार्षिक अहवालात पुरवठादारांच्या देण्याचं वय द्यावं लागतं: एक वर्षाच्या आतलं, एक ते दोन, दोन ते तीन, तीनच्या पुढचं. लघु उद्योगांचं देणं वेगळ्या ओळीत असतं. त्या ओळीत वर्षाहून जुना आकडा वाढत असेल तर रॅकवरचा माल लवकरच विरळ होणार. तिथेच पुढे 'वादग्रस्त देणी' असतात, त्यातली वाढही वाईट.

लेखापरीक्षकांच्या अहवालाला जोडलेलं कारो २०२० चं (लेखापरीक्षकांनी काय काय तपासून लिहायचं ते ठरवणाऱ्या सरकारी आदेशाचं) परिशिष्ट सगळ्यात कमी वाचलं जातं आणि त्यातच सगळ्यात जास्त मिळतं. बाब दोनमध्ये बँकेला दिलेली साठ्याची तिमाही पत्रकं आणि पुस्तकं जुळतात का ते लिहिलेलं असतं. बँकेला ३८० कोटींचा माल दाखवला आणि पुस्तकात ३४० असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही. बाब सातमध्ये पीएफ आणि जीएसटी थकलाय का, नऊमध्ये कर्जफेड चुकली का, अठरामध्ये लेखापरीक्षकांनी मध्येच राजीनामा दिला का. एकोणिसावी बाब सांगते, वर्षभरात येणारी देणी कंपनी देऊ शकेल का. तिथली भाषा गुळमुळीत झाली की समजून घ्यावं.

दुकानात जाऊन काय बघायचं

सणासुदीची गर्दी बघून काही कळत नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी किंवा बुधवारी, दोन वेगवेगळ्या शहरांतल्या शाखांमध्ये जा. किराणा असेल तर तूरडाळ, सूर्यफूल तेल, साखर, कपडे धुण्याची पावडर यांचे सगळे आकार आहेत का बघा. नामांकित कंपन्यांचा माल नाही आणि रॅकवर एकच बिस्किट तीन फूट रुंद पसरलंय, म्हणजे रिकामी जागा झाकलीय. नामांकित कंपन्यांचे वितरक आधी उधारी बंद करतात आणि साखळीचा स्वतःचा ब्रँड सगळ्यात शेवटी संपतो. कपड्यांमध्ये आकारांची साखळी तुटलीय का बघा. फक्त एस आणि डबल एक्सएल उरले असतील तर नवा माल येत नाहीये. एसी बंद, निम्मे दिवे बंद, बिलिंगच्या आठपैकी दोन खिडक्या चालू, ही खर्चकपात धंद्याच्या मुळावर येते.

गहाण शेअर आणि कर्जाची तारीख

भागधारणेच्या तक्त्यात प्रवर्तकांच्या भागात गहाण किंवा बोजा असलेल्या शेअरचा रकाना असतो. टक्केवारी प्रवर्तकांच्या हिश्श्याची आहे की एकूण भांडवलाची, हे तपासा. एकूण भांडवलाचे वीस टक्के ऐकायला बरे वाटतात, पण प्रवर्तकांकडेच चाळीस असतील तर निम्मे गहाण आहेत. या गहाणावर घेतलेलं कर्ज बहुधा प्रवर्तकांच्या खासगी कंपनीत असतं, साखळीच्या ताळेबंदात ते शोधून सापडणार नाही. भाव पडला की सावकार जादा तारण मागतो, मिळालं नाही तर शेअर विकतो, त्याने भाव आणखी पडतो.

बिग बाझार चालवणारी मुंबईची फ्युचर रिटेल याचं ठळक उदाहरण. जानेवारी २०२० मध्ये शेअर तीनशेच्या वर होता. कोविडची टाळेबंदी आली, गहाण शेअर सावकारांनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि मार्चअखेर भाव शंभराच्या खाली होता. दुकानांना टाळं लागून तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता.

कर्जासाठी रेटिंगचा खुलासा उघडा आणि पुढच्या बारा महिन्यांतली परतफेड, हातातली रोकड आणि खेळत्या भांडवलाच्या मर्यादेचा सरासरी वापर या तीन गोष्टी लिहून घ्या. वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर गळ्यापर्यंत पाणी आहे. ट्रिपल बी उणेच्या खाली घसरण म्हणजे बँकांच्या लेखी गुंतवणुकीची पात्रता गेली. डी म्हणजे हप्ता चुकला. 'कंपनी सहकार्य करत नाही' असा शेरा असेल तर जुन्या रेटिंगला काही किंमत नाही. हप्ता चुकून ३० दिवस उलटले की २४ तासांत बाजाराला कळवायचं बंधन आहे. म्हणजे बातमी येईपर्यंत महिना गेलेला असतो. बँकेच्या दप्तरात ९० दिवसांनंतर खातं एनपीए, म्हणजे बुडीत-थकीत, होतं. रेटिंग आणि गहाण यांत बदल सहसा या बातमीच्या आधी दिसतो.

'मोठा समूह विकत घेणार'

हा सगळ्यात गोड मुद्दा. त्याला चार प्रश्न विचारावेत: नक्की काय विकलं जातंय, पैसे कुणाच्या खात्यात जातात, कुणाची संमती लागते, आणि मध्ये दीड वर्ष गेलं तर कंपनी तग धरेल का?

फ्युचर रिटेलवर हे चारही लावून बघा. २९ ऑगस्ट २०२० रोजी रिलायन्स रिटेलने फ्युचर समूहाचा रिटेल आणि गोदामांचा धंदा २४,७१३ कोटींना घेण्याची घोषणा केली. आकडा डोळे दिपवणारा होता, पण विकला जात होता धंदा. फ्युचर रिटेलच्या शेअरधारकाला रोकड मिळणार नव्हती. त्याला फ्युचर एंटरप्रायझेस या समूहातल्याच दुसऱ्या कंपनीचे शेअर मिळणार होते. संमतीचं म्हणाल तर ऑगस्ट २०१९ मध्येच ॲमेझॉनने फ्युचर कूपन्स या प्रवर्तकांच्या कंपनीत ४९ टक्के हिस्सा घेतला होता. त्या कराराच्या आधारे त्यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये सिंगापूरच्या लवादातून स्थगिती आणली. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश भारतात अंमलात येऊ शकतो असा निकाल दिला.

दरम्यान भाडी थकली. समूहाच्या अनेक दुकानांचे करार रिलायन्सने स्वतःच्या नावावर घेऊन जागा फ्युचरला पोटभाड्याने दिल्या होत्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिने त्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि समूहाच्या नऊशेहून अधिक दुकानांचे पोटकरार संपले. एप्रिलमध्ये सुरक्षित धनकोंनी, म्हणजे तारण घेऊन कर्ज देणाऱ्यांनी, विक्रीच्या विरोधात मत दिलं, सौदा मोडला. २० जुलै २०२२ रोजी बँक ऑफ इंडियाच्या अर्जावर एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) मुंबई पीठाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली आणि जुलै २०२४ मध्ये कंपनी अवसायनात गेली, म्हणजे उरलेली मालमत्ता विकून ती गुंडाळायचं ठरलं.

यावरून तपासणीच्या यादीत एक ओळ वाढवावी: भाडेकरार कुणाच्या नावावर आहेत. संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप वाचली की कळतं. जागा, गोदामं किंवा ब्रँड प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर असेल तर साखळीच्या शेअरमध्ये तुम्ही नक्की काय विकत घेताय?

पुस्तकी मूल्य आणि नावाची किंमत

'पुस्तकी मूल्य ४०, भाव २०' हा दावा सोलून बघायचा. समजा नक्त मूल्य ४०० कोटी. त्यात भविष्यात नफा झाला तरच उपयोगी पडणारी स्थगित कर मालमत्ता ९० कोटी, गुडविल आणि सॉफ्टवेअर ६० कोटी, समूहातल्या कंपन्यांना दिलेल्या आगाऊ रकमा आणि ठेवी ११० कोटी, आणि वर काढलेला जुन्या मालाचा तोटा २४ कोटी. उरले ११६ कोटी, शेअरला ११ रुपये ६० पैसे. जागामालकांकडे ठेवलेली अनामत यात अजून आहे. दुकानं घाईत बंद केली तर ती थकलेल्या भाड्यापोटी वळती होते.

नावाची किंमत किती असते याचा एक अमेरिकी आकडा आहे. बेड बाथ अँड बियाँड या घरगुती वस्तूंच्या साखळीने २००४ पासून स्वतःचेच शेअर परत घेण्यावर एक हजार कोटी डॉलरहून जास्त खर्च केले. एप्रिल २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या नावाला लिलावात २ कोटी १५ लाख डॉलर आले. सप्टेंबर २०२३ अखेर तिचे शेअर रद्द झाले, आणि ज्या कंपनीने नाव घेतलं ती ते वापरत राहिली.

मंदीवाल्यांनाही सोडू नका

त्यांचाही आळस असतो. 'ऑनलाइन सगळं खाऊन टाकणार' हे २०१२ मध्ये अमेरिकेत बेस्ट बाय या इलेक्ट्रॉनिक्सच्या साखळीबद्दल म्हटलं जायचं. डिसेंबर २०१२ मध्ये शेअर १२ डॉलरच्या खाली होता. नव्या प्रमुखाने ऑनलाइनइतकाच भाव द्यायला सुरुवात केली, खर्च कापले, सॅमसंगसारख्या कंपन्यांना दुकानातच स्वतःचे कोपरे दिले. वर्षभरात भाव तिपटीहून जास्त झाला. ते जमलं कारण विक्री मंदावली तरी रोकड येत होती आणि सावकार दारात उभे नव्हते. पुरवठादारांनाही ते दुकान टिकायला हवं होतं. मंदीवाल्याला विचारा: रोकड कोणत्या तिमाहीत संपते? उत्तरात तारीख नसेल तर तो फक्त अंदाज बांधतोय.

खरी सुधारणा अशी दिसते: साठ्याचे दिवस घटतात आणि त्याच वेळी ढोबळ नफ्याची टक्केवारी टिकते, देण्याचे दिवस कमी होतात, तोट्यातली दुकानं लॉक-इन (भाडेकरार मोडता येत नाही ती मुदत) संपताच बंद होतात, कमी मुदतीचं कर्ज लांब मुदतीचं होतं, प्रवर्तक राइट्समध्ये (सध्याच्या शेअरधारकांना देऊ केलेल्या नव्या शेअरमध्ये) रोख पैसे घालतात. वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क, घेतले तर पूर्ण खूश होऊ नका. वॉरंटला सुरुवातीला फक्त २५ टक्के भरावे लागतात, बाकीचे १८ महिन्यांत, आणि भाव पडला तर प्रवर्तक ते सोडूनही देतात.

घ्यायचाच असेल तर

राइट्स येणार असं गृहीत धरा. वरच्या कंपनीला १५० कोटी हवेत आणि भाव २० आहे. १५ रुपयांनी एकास एक राइट्स आले, तर १० कोटी शेअरचे २० कोटी होतात आणि हक्कानंतरचा भाव गणिताने १७.५० निघतो. तुम्ही भाग घेतला नाही तर तुमचा वाटा निम्मा. म्हणून जेवढे पैसे लावायचे त्यातले निम्मेच आधी लावा.

'ॲव्हरेज' करण्याचा, म्हणजे भाव पडल्यावर आणखी घेऊन सरासरी खरेदीभाव खाली आणण्याचा, नियम भावावर बांधू नका. पुढच्या ताळेबंदात साठ्याचे आणि देण्याचे दिवस सुधारले तरच दुसरा हप्ता. बिघडले तर भाव कितीही स्वस्त वाटला तरी नाही. शेअर बाजाराच्या वाढीव देखरेखीच्या यादीत गेला की पाच टक्क्यांचं सर्किट, म्हणजे एका दिवसातल्या चढ-उताराची मर्यादा, लागू शकतं. सलग लोअर सर्किटमध्ये विकणारे हजारो आणि घेणारा कुणी नाही अशी स्थिती आठवडाभरही राहते. अशा शेअरमध्ये स्टॉप लॉस (ठरलेल्या भावाखाली गेला की विकायची सूचना) कागदावरच राहतो. अडकले तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम ठेवणं हा एकच उपाय.

दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाल्यावर दोन-तीन रुपयांना मिळणारा शेअर 'आता आणखी काय पडणार' म्हणून घेतला जातो. नादारी आणि दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ ची रांग बघा: प्रक्रियेचा खर्च, सुरक्षित धनको आणि कामगारांचे २४ महिन्यांचे पगार, इतर कर्मचारी, विनातारण वित्तीय धनको, सरकारी देणी, उरलेली देणी, प्रेफरन्स शेअर आणि सगळ्यात शेवटी साधे शेअर. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या शेअरधारकांना २०२१ मध्ये काहीही मिळालं नाही, शेअर बाजारातून काढून टाकला. विरुद्ध बाजूने दिवाळखोरीतून नव्या मालकाकडे गेलेल्या रुची सोया या खाद्यतेल कंपनीचं नाव हटकून येतं. तिथे जुन्या १०० शेअरचा एक झाला होता आणि २०२० मधली ती अफाट उसळी जवळपास ९९ टक्के शेअर नव्या मालकाकडे असताना, उरलेल्या मूठभर शेअरवर झाली होती.

तोटा घेऊन बाहेर पडायचं तर शेअर बाजारात विकला जातोय तोवर पडा. विक्री झाली तरच भांडवली तोटा धरता येतो. खात्यात नुसता शून्य किमतीने पडून राहिलेला शेअर करात कामी येत नाही. बारा महिन्यांच्या आत विकला तर तो तोटा अल्प आणि दीर्घ दोन्ही मुदतींच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, त्यानंतर विकला तर फक्त दीर्घ मुदतीच्या. आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण त्यासाठी त्या वर्षाचं विवरणपत्र मुदतीत भरलेलं असावं लागतं.